पहिल्या ओळीतले आपटे

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार

चि. विनय यास प्रतिमामावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? शरयू फोनवर सांगत होती की तू आता उभं राहून काम करायचं टेबल घेतलं आहेस. (आमच्या वेळी शाळेत उभं राहणं ही शिक्षा होती. आता त्यासाठी फर्निचर मिळतं.) गिरिजाची नवी नोकरी रुळली का? तुमच्या प्लेनोला अजून उकडत असेल. इकडे पानं तांबडी व्हायला लागली आहेत आणि लोक त्यांचे असे फोटो काढतात, जणू ती त्यांनीच रंगवली. माझे गुडघे सोडले तर मी उत्तम. लेक सत्यजितही बरा असावा. दिवसभर कानांना हेडफोन असतो, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही. रुहीला परवा मी विचारलं की आजीला पत्र लिहिशील का, तर "आज्जी, यू आर इन द नेक्स्ट रूम" म्हणाली. तेव्हा सर्व कुशल आहे.

आता तुझ्याकडे वळते. तीन वर्षांपूर्वी तू अ‍ॅशबर्न सोडलंस तेव्हा आमच्या ज्येष्ठ कट्ट्यासाठी वेबसाइट बनवून दिलीस आणि आम्ही तुला सभेत शाल दिली. ती शाल मी निवडली होती. आज मला वाटतं की सतरंजी दिली असती तरी चाललं असतं, आणि तीही गुंडाळून. तू म्हणशील, मावशी चिडली आहे. मी चिडलेली नाही. मी एकतीस वर्षं हायकोर्टात स्टेनो होते, माझ्यासमोर माणसांना जन्मठेपा झाल्या आणि माझी एकही ओळ वाकडी गेली नाही. मी फक्त घडलेलं क्रमानं सांगते आहे. मध्ये काही शब्द कडक आले तर ते जबानीचा भाग समजावेत.

पुढच्या रविवारी कट्ट्याची सहल आहे. पानं बघायला डोंगरात जायचं, मिनीबस करून. बसमध्ये जागा चोवीस, म्हणून तुझ्या वेबसाइटवर चोवीस नावांची यादी आणि खाली प्रतीक्षा यादी. मी खाद्यपदार्थांची प्रमुख आहे. (निवडणूक झाली नाही. कोणाचंच काही म्हणणं पडलं नाही, म्हणून झाले.) प्रमुख म्हणून मला सगळ्यांच्या ओळी बदलायचा अधिकार आहे, आणि तो तूच दिला आहेस, हे पुढे लक्षात ठेव. प्रत्येक ओळीत आधी लाल रंगाचं 'काढा' हे बटण, मग माणसाचं नाव, मग पदार्थ लिहायचा चौकोन आणि शेवटी हिरवं 'जतन करा'. आधी फाशी, मग नाव, मग जबाब, असा क्रम मी कुठल्याही कोर्टात पाहिलेला नाही. पण त्या वेळी मी काही बोलले नाही, कारण तू शरयूचा मुलगा.

आपल्या लोकांना पदार्थ स्वतः लिहायला सांगितला तर सगळे 'बघू' असं लिहितात. एका वर्षी चोवीस माणसांनी मिळून बावीस 'बघू' आणि दोन 'कोशिंबीर' आणली होती. म्हणून मी रोज दोघातिघांना फोन करते, तास तास त्यांची दुखणी ऐकते, शेवटी एकाचा तरी पदार्थ कबूल करून घेते, वहीत टिपते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला की तो यादीत टाइप करते. दिवसाला एक पदार्थ. ही माझी पद्धत आहे आणि ती नऊ दिवस बिनबोभाट चालली.

बिनबोभाट म्हणजे, एक दिगंबर आपटे सोडले तर. आपटे तुला आठवत असतील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, पांढरे कल्ले, मुलाच्या घरी तळघरात राहतात आणि त्याला 'लोअर लेव्हल' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. तेव्हापासून कुठे येत नव्हते, यंदा पहिल्यांदाच सहलीला नाव दिलं. आडनावामुळे यादीत पहिल्या ओळीत. माझं त्यांचं फोनवर बोलणं नाही. गेल्या संक्रांतीला माझा तिळाचा लाडू खाऊन (खरं म्हणजे चावायचा प्रयत्न करून) ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "प्रतिमाताई, धरणाच्या पायात घालायला असाच माल लागायचा आम्हाला." मी काही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की तुमची धरणं गळतात असं ऐकून आहे. तेव्हापासून नमस्कारापुरतं.

तर पहिल्या दिवशी आपट्यांच्या नावापुढे 'वेफर्स (पाकीट)' असं लिहिलेलं होतं. पाकीट! आयुष्यभर बायकोनं करून घातलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार, असं म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर वेफर्स जाऊन 'चिवडा (घरी केलेला)'. तिसऱ्या दिवशी 'उपमा'. मग 'शेंगदाण्याचे लाडू (मऊ)'. तो कंस कोणासाठी होता हे मला कळलं, पण मी उदार मनानं दुर्लक्ष केलं. मग थालीपीठ, मग कोथिंबिरीच्या वड्या. रोज सकाळी यादी उघडावी तर पहिल्या ओळीत आपटे आणि त्यांचा नवा विचार. मी सूनबाईला, प्रीताला, म्हटलंसुद्धा की हा माणूस धरणं कशी बांधत होता, रोज नदी बदलत असेल. नवव्या दिवशी 'अळूवड्या' असं वाचून मी मोठ्यानं हसले. अ‍ॅशबर्नमध्ये अळू मिळवायचं म्हणजे आधी तीन दुकानं पालथी घालायची, मग त्या पानांच्या शिरा काढायच्या, पीठ लावायचं, गुंडाळायचं, उकडायचं, तळायचं. हे काम पाकीट फोडणाऱ्याचं नव्हे.

आणि दहाव्या दिवशी, म्हणजे परवा मंगळवारी सकाळी, यादी उघडली तर आपटेच नाहीत. पहिल्या ओळीत सीमा इनामदार (कट्ट्याची अध्यक्ष, रोज सकाळी सगळ्यांना फुलांची चित्रं पाठवते ती), आणि शेवटच्या ओळीत एक नवं नाव, नीना. ही नीना म्हणजे सीमाची इंदूरहून आलेली बहीण. ती प्रतीक्षा यादीत पहिली होती. आता तूच सांग. एक एकटा माणूस दोन वर्षांनी घराबाहेर पडायला तयार होतो, त्याचं नाव रातोरात जातं, आणि जागा मिळते कोणाला, तर अध्यक्षांच्या बहिणीला. मी कोर्टात बसलेली बाई आहे. मला यापेक्षा कमी पुराव्यावर निकाल लागलेले माहीत आहेत.

मी लगेच सगळ्या साठ सभासदांना मेल पाठवली. भाषा संयमित होती. 'घराणेशाही' हा शब्द फक्त तीनदा वापरला. त्यात मी मागणी केली की वेबसाइटवर कोणी, कधी, काय केलं याची जी नोंद आपोआप राहते, तो लॉग, शनिवारी वाचनालयातल्या सभेत सर्वांसमोर मोठ्यानं वाचावा. ज्यानं आपट्यांचं नाव काढलं त्याची सहलीची जागा रद्द व्हावी, आणि त्यानं उभं राहून माफी मागावी. 'उभं राहून' याच्याखाली रेघ मारली. सीमाचं उत्तर दहा मिनिटांत आलं. "मान्य. शनिवारी लॉग वाचू." त्याखाली एक झेंडूचं फूल. एवढ्या शांतपणे उत्तर देणारी आरोपी मी पाहिलेली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिथेच मला थोडं खटकलं होतं.

सभेच्या आधी पुरावा पक्का असावा म्हणून काल मी प्रीताला जवळ बसवलं. तुला माहीत आहे, प्रीता सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते आणि त्याचा तिला पगार मिळतो. (मी हे काम सासू म्हणून गेली पंधरा वर्षं विनावेतन करते आहे.) ती म्हणाली, "आई, तुम्ही रोज जसं करता अगदी तसंच करून दाखवा. मी फक्त बघते."

मी बसले. पाठ ताठ, मनगटं उचललेली, वही डाव्या हाताला. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नार्डिन टायपिंगच्या तासाला हातात लाकडी पट्टी घेऊन फिरायच्या. त्यांचे तीन नियम. एक, "आईज ऑन द कॉपी, गर्ल्स", म्हणजे डोळे वहीवर, यंत्राकडे बघायचं नाही. दोन, ओळ संपली की कॅरेज परत आणायची. ओळ उघडी टाकून उठणारी मुलगी पुढे संसारही तसाच करते, असं त्यांचं मत होतं. तीन, मजकूर पुरा झाला की दोनदा परत आणायची, म्हणजे मध्ये स्वच्छ मोकळी जागा राहते. यंत्र गेलं, कॉम्प्युटर आला, कॅरेजच्या जागी एंटर आलं, सिस्टर देवाघरी गेल्या, पण माझी बोटं त्यांचीच आहेत. मी वहीवर डोळे ठेवून चौकोनात 'साबुदाणा वडे' असं टाइप केलं, एंटर दाबलं, आणि दुसऱ्यांदा दाबणार तोच प्रीतानं माझं मनगट धरलं. जन्मात कधी तिनं माझा हात असा धरला नव्हता.

"आई, आता वर बघा."

मी पडद्याकडे पाहिलं. मधोमध एक खिडकी उघडली होती. 'इनामदार सीमा यांचे नाव काढायचे आहे. खात्री आहे का?' खाली 'होय', आणि त्याच्याभोवती निळी चौकट, म्हणजे नुसतं एंटर दाबलं की झालं. माझं बोट एंटरवर होतं. (ते उचलायला मला जितका वेळ लागायला हवा होता त्यापेक्षा किंचित जास्त लागला, हे मी तुझ्यापाशी कबूल करते.)

मग प्रीतानं मला तुझं कर्तृत्व समजावलं. तू म्हणे चोवीस ओळींचा मिळून एकच फॉर्म केला आहेस. चोवीस माणसं, चोवीस लाल बटणं, चोवीस हिरवी, सगळी एकाच पाकिटात. त्यात कोणत्याही चौकोनात एंटर दाबलं की ब्राउजर विचार करत नाही. फॉर्ममधलं पहिलं बटण कोणतं ते बघतो आणि तेच दाबलं असं धरून चालतो. पहिलं बटण म्हणजे पहिल्या ओळीतलं लाल 'काढा'. मी चोविसाव्या ओळीत वडे लिहिले तरी मान जाणार पहिल्या ओळीतल्या माणसाची. वर पाकिटातला बाकीचा मजकूर तुझं ते जावातलं फ्रेमवर्क इमानेइतबारे जतन करतं, त्यामुळे वडे जागच्या जागी दिसतात आणि मला वाटतं सगळं नीट झालं. (जावांनी मिळून केलेलं काम म्हटल्यावर असंच व्हायचं.) प्रीता म्हणाली की प्रत्येक ओळीला तिचा वेगळा फॉर्म द्यायचा असतो, नाहीतर निदान त्या लाल बटणाला सांगून ठेवायचं असतं की बाबा, तू सबमिट नाहीस. कारण ज्या बटणाला काहीच सांगितलेलं नसतं ते आपोआप सबमिटच होतं. मी म्हटलं, आमच्या घरात असे एक होते, तुझे सासरे. प्रीता खूप हसली. पंधरा वर्षांत माझ्या विनोदाला पहिल्यांदा.

मला मात्र हसू आलं नाही, कारण मी वहीतली पानं मोजत होते. नऊ सकाळी, नऊ पदार्थ, प्रत्येकी दोन एंटर. पहिल्या एंटरला आपट्यांचं नाव काढायचा हुकूम आणि दुसऱ्या एंटरला 'होय, माझी खात्री आहे'. नऊच्या नऊ वेळा. ते बिचारे रोज संध्याकाळी परत नाव घालत होते आणि मी रोज सकाळी चहा पिऊन त्यांना काढत होते. रात्री बारापर्यंत रिकामी राहिलेली जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला मिळते. नवव्या दिवशी त्यांना परत यायला उशीर झाला आणि ती नीनाला गेली.

विनय, मला उत्तर दे. दरवाजाची बेल आणि खुनाची सुरी एकाच खुंटीला कोण टांगतं? 'खात्री आहे का' हे विचारायला तू एक खिडकी ठेवलीस, ते ठीक. पण खात्री न वाचता देता येते, ही सोय कोणाच्या सांगण्यावरून केलीस? टायपिंग शिकलेली माणसं ओळ संपवतात. तुमच्या पिढीला काही संपवायची सवय नाही, म्हणून ही चूक तुमच्या कोणाच्या हातून कधी घडलीच नाही आणि तीन वर्षं कळली नाही. याचा अर्थ दोष माझ्या शिस्तीचा होत नाही. हे पत्र लिहितानाही मी प्रत्येक परिच्छेदानंतर दोनदा एंटर दाबते आहे. त्यामुळे प्लेनोमध्ये कोणी नाहीसं झालं असेल तर कळव.

इथे थांबते. गिरिजाला आशीर्वाद. तिळाच्या लाडवांचा डबा पाठवीन म्हणते, पण तुझ्या पाठीला उचलवेल का ते सांग.

तुझी (आणि न्यायानं पाहिलं तर निर्दोष)
प्रतिमामावशी

ता. क. मुद्द्याचं राहिलं. तो लॉग तुझ्या ताब्यात आहे असं प्रीता म्हणते. त्यात 'काढले: आपटे दिगंबर. काढणार: प्रतिमा डबीर. खात्री: होय' असं नऊ वेळा लिहिलेलं असणार, आणि शनिवारी ते साठ माणसांसमोर मोठ्यानं वाचायची मागणी माझीच आहे. त्याआधी, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत, तो लॉग काही तांत्रिक कारणानं हरवू शकेल का? एकतीस वर्षांत मी एकाही पुराव्याला हात लावला नाही, पण ते सगळे खटले दुसऱ्यांचे होते. शरयूला सांगू नकोस.

ता. क. २. वरचं लिहून पत्र पाठवणार, तोच बेल वाजली. दारात आपटे. इस्त्रीचा शर्ट, एका हातात डबा, दुसऱ्या हातात फाइल. मी माफीचं वाक्य जुळवत होते, तर त्यांनीच फाइल उघडली. तू केलेली वेबसाइट नाव काढलं की त्या माणसाला मेलही पाठवते, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. नऊ मेल, नऊ प्रिंट, तारखेनुसार लावलेल्या. 'आपले नाव यादीतून काढण्यात आले आहे. काढणार: प्रतिमा डबीर. कारण: दिलेले नाही.' आपटे म्हणाले, "कारण दिलेलं नव्हतं ताई, पण तुम्ही खाद्यप्रमुख. म्हटलं, पदार्थच नापास झाला असणार." वेफर्स नापास झाले म्हणून त्यांनी चिवडा केला. चिवडा नापास झाला म्हणून उपमा शिकले. बायकोच्या हस्ताक्षरातली पाककृतींची वही दोन वर्षं कपाटात बंद होती, ती उपम्यासाठी काढली आणि मग आत ठेवलीच नाही. कोणाकडे तक्रार केली नाही, कारण त्यांच्या मते परीक्षक कडक होता पण अन्याय करणारा नव्हता. (माझी मंगळवारची मेल त्यांनी 'घराणेशाही' हा मथळा बघून, राजकारण असेल म्हणून उघडलीच नव्हती.) अळूची पानं मिळवायला ते दोन बस बदलून गेले, म्हणून त्या दिवशी नाव घालायला उशीर झाला. "जागा गेली ते जाऊ द्या," म्हणाले, "पण ह्या तरी पास करा." आणि डबा पुढे केला.

मी त्यांना एंटरचं सगळं सांगितलं. सिस्टर बर्नार्डिनसकट. त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही माझा चिवडा तपासलाच नव्हता?" विनय, मला लाडवाचं इतकं लागलं नव्हतं.

अळूवड्या कुरकुरीत होत्या. चिंच थोडी कमी पडली होती. तसं मी सांगितलं, आणि ते त्यांनी फाइलच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं.

ता. क. ३. लॉग हरवू नकोस. शनिवारी मीच वाचेन, नऊच्या नऊ ओळी, उभं राहून. दंड मीच सुचवला होता, तेव्हा माझी जागाही मी आत्ताच रद्द केली. माउसनं, माझ्या ओळीतलं लाल बटण, खिडकीतला मजकूर पूर्ण वाचून. प्रतीक्षा यादीत आपटे पहिले होते, त्यांना मी वर घेतलं. सीमाला दोन ओळींचं माफीपत्र पाठवलं. तिनं उत्तरादाखल गुलाब पाठवला आहे, आणि खाली लिहिलं आहे की मंगळवारीच तिनं लॉग वाचला होता, पण शनिवारी मी काय करते ते तिला बघायचं होतं.

ता. क. ४. तुझ्या वेबसाइटची आताच मेल आली. (कोणी स्वतःचं नाव काढलं की ती प्रमुखाला येते असं दिसतं.) 'आपटे दिगंबर यांनी आपले नाव स्वतः काढले आहे. कारण:' आणि पुढे त्यांनी लिहिलं आहे, 'पानं बघायला डोंगरात कशाला? माझ्या अंगणात ढीगभर पडली आहेत, ती उचलत नाही म्हणून कॉलनीच्या कमिटीचं पत्र आलं आहे. शिवाय त्या रविवारी पुरणपोळी करायची म्हणतो. तपासणीला कोणीतरी हवं.' मी होकार कळवला आहे. झाडू माझा मी नेणार आहे.

तू ती चूक सावकाश दुरुस्त कर. पाठीला जप, घाई नको. आता पहिल्या ओळीत सीमा इनामदार आहे, आणि माझ्या वहीत अजून दोन पदार्थ टाइप करायचे राहिले आहेत.